एकेक स्पीकर जोडत उभं राहणारं घरचं थिएटर

अंधेरी पश्चिमेला यशराज स्टुडिओत आणि त्या परिसरातल्या लहानमोठ्या मिक्सिंग थिएटरांत कितीतरी हिंदी-मराठी चित्रपटांचा आवाज तयार होतो. पाऊस कुठून ऐकू यावा, लोकल डावीकडून उजवीकडे किती वेगाने जावी, कुजबुज किती हळू असावी, यासाठी ध्वनिमिश्रक दिवसचे दिवस खपतात. मग तोच चित्रपट ओटीटीवर येतो आणि बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या हॉलमध्ये टीव्हीच्या पोटात दडलेल्या दोन चिमुकल्या स्पीकरांतून ऐकला जातो. केलेल्या कष्टांतलं फार थोडं आपल्या कानापर्यंत पोहोचतं.

हे बदलायला स्वतंत्र खोली लागत नाही आणि एकरकमी मोठा खर्चही लागत नाही. क्रम नीट ठरवला तर वन बीएचकेच्या हॉलमध्येही दोन-तीन वर्षांत उत्तम सराउंड सिस्टिम उभी राहते आणि आधी घेतलेली एकही वस्तू वाया जात नाही. तो क्रम या लेखात दिला आहे.

५.१ म्हणजे काय?

पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन स्पीकर, मधोमध एक, प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे दोन सराउंड, असे झाले पाच. सहावा सबवूफर. त्याला '.१' म्हणतात, कारण त्याच्या वाट्याला फक्त खर्जातला, साधारण १२० हर्ट्झच्या खालचा आवाज येतो. बाकीच्यांच्या मानाने हा पट्टा अगदी लहान असतो.

मुंबईकरांना अशा आवाजाची चटक लावली ती 'शोले'ने. १९७५ साली आलेल्या या चित्रपटाच्या ७० मिलिमीटर प्रिंटला स्टिरिओफोनिक ध्वनी होता आणि लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. जयने उडवलेलं नाणं खाली पडलं, की प्रेक्षक खुर्चीखाली वाकून बघत, असं सांगतात. पुढे १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'सोबत डॉल्बी डिजिटल आलं आणि ५.१ ही मांडणी आधी थिएटरात, मग डीव्हीडीतून घराघरात रुळली. आज ओटीटीवरच्या बहुतेक मोठ्या चित्रपटांना ५.१ ध्वनी असतो. जुन्या आणि कमी खर्चात झालेल्या अनेक चित्रपटांना मात्र साधा स्टिरिओच मिळतो.

आधी हॉल मोजा

खरेदीच्या आधी मोजपट्टी घ्या आणि कागदावर हॉलचा नकाशा काढा. उपनगरातल्या जुन्या इमारतींत हॉल साधारण १० फूट बाय १४-१५ फुटांचा असतो. टीव्ही लांब भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला खिडकी किंवा गॅलरी, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज. म्हणजे टीव्हीपासून कानापर्यंतचं अंतर भरतं आठ फूट.

नकाशावर चार गोष्टी टिपा: बसण्याची मुख्य जागा, प्लग पॉइंट, दरवाजे कुठे उघडतात आणि वायर कुठून नेता येईल. सोफा भिंतीपासून अर्धा-एक फूट पुढे घेता येतो का, हेही बघा. भिंतीला डोकं टेकून बसलं की खर्ज फुगतो आणि मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज संवादात मिसळतो. तेवढी जागा सोडल्याने पडणारा फरक फुकटात मिळतो.

पहिला टप्पा: रिसीव्हर आणि दोन चांगले स्पीकर

सुरुवात एव्ही रिसीव्हरने करावी. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, ओटीटी स्टिक या सगळ्यांचा आवाज तो घेतो, वेगवेगळ्या चॅनेलमध्ये वाटतो आणि स्पीकरना ताकद पुरवतो. आज दोनच स्पीकर जोडायचे असले तरी रिसीव्हर निदान ५.१ चा घ्या, म्हणजे पुढच्या टप्प्यांना तो बदलावा लागणार नाही. डेनॉन, यामाहा, ओंक्यो, मारांट्झ, सोनी ही या क्षेत्रातली नेहमीची नावं.

सोबत दोन बुकशेल्फ स्पीकर घ्या. छोट्या हॉलला उंच टॉवर लागत नाहीत. खर्जाचं काम पुढे सबवूफर करणारच आहे. पैसे वाटताना सर्वांत मोठा वाटा या दोन स्पीकरना आणि पुढे येणाऱ्या मधल्या स्पीकरला द्या. रिसीव्हरचं तंत्र काही वर्षांत जुनं होतं. चांगला स्पीकर मात्र वीस वर्षंही साथ देतो.

मांडणीचा नियम सोपा आहे. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या डोक्यापर्यंतचं अंतर जवळपास सारखं ठेवा. आठ फुटांवर बसत असाल तर स्पीकरही एकमेकांपासून सात-आठ फूट लांब ठेवा. ट्वीटर, म्हणजे तार आवाजाचा छोटा पडदा, बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. साधारण सव्वातीन फूट. शोकेसच्या कप्प्यात स्पीकर आत ढकलून ठेवले की आवाज बद्द होतो. ते कडेपर्यंत पुढे ओढा.

या टप्प्यावरच काही महिने थांबायला हरकत नाही. गाणी, नाट्यसंगीत, क्रिकेटचं समालोचन, सगळंच यात खुलतं आणि चांगला आवाज कसा असतो याची कानाला ओळख होते.

वॉटच्या आकड्यांना भुलू नका

खोक्यावर हजारोंनी लिहिलेले पीएमपीओ वॉट सोडून द्या. त्यातून खरी ताकद कळत नाही. आरएमएस वॉट बघा आणि ते किती चॅनेल एकाच वेळी चालू असताना मोजले आहेत, हे विचारा.

स्पीकरचा दुसरा महत्त्वाचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी. समजा ती ८७ डेसिबल आहे. म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत सहा डेसिबल कमी होतात. तीन मीटरवर उरले साधारण ७७-७८. वॉट दहापट केले की दहा डेसिबल वाढतात, म्हणजे दहा वॉटमध्ये आपण ८७-८८ डेसिबलवर पोहोचलो, आणि हॉलमध्ये भिंतींमुळे त्यात भरच पडते. घरासाठी हा आवाज भरपूर आहे. त्यामुळे खरे ६०-७० वॉट देणारा रिसीव्हर आपल्या हॉलला पुरून उरतो. स्पीकर किती ओहमचे आहेत ते मात्र रिसीव्हरच्या पुस्तिकेशी ताडून बघा. नवख्याने ६ किंवा ८ ओहमच घ्यावेत.

दुसरा टप्पा: मधला स्पीकर

दुकानात अनेकदा लगेच सबवूफर सुचवला जातो, कारण त्याचा दणका चटकन जाणवतो. चित्रपट बघायचे असतील तर त्याआधी सेंटर स्पीकर घ्या, असं माझं आग्रहाचं मत आहे.

दोनच स्पीकर असताना संवाद मधून आल्याचा भास होतो खरा, पण तो फक्त मधोमध बसलेल्याला. आपल्या घरात चौघं-पाच जण बसतात. आजी खुर्चीत कडेला, मुलं जमिनीवर, कुणी दारापाशी. कडेला बसलेल्याला सगळे संवाद जवळच्या स्पीकरमधूनच येतात. ५.१ मध्ये संवादांचा मोठा भाग मधल्या चॅनेलवर असतो, म्हणून स्वतंत्र सेंटर लावला की प्रत्येकाला तो पडद्यातूनच ऐकू येतो. शिवाय रिसीव्हरमधून फक्त सेंटरचा आवाज दोन-तीन डेसिबलने वाढवता येतो. ऐकायला कमी येणाऱ्या ज्येष्ठांना याचा मोठा उपयोग होतो. धमाका वाढत नाही आणि शब्द स्पष्ट होतात.

सेंटर शक्यतो त्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेतला घ्या, नाहीतर पात्र डावीकडून मधे आलं की त्याचा आवाजच बदलतो. टीव्हीखाली ठेवताना पुढची कड रबराच्या तुकड्यावर उचलून स्पीकरचा रोख कानाकडे करा.

तिसरा टप्पा: सबवूफर, आणि त्याची जागा

सबवूफर आला की रिसीव्हरमध्ये बाकीचे स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवा. त्याखालचं सगळं काम सबवूफरकडे जातं आणि छोट्या स्पीकरवरचा ताण उतरतो. आपल्या हॉलला ८ किंवा १० इंची सबवूफर पुरतो.

इथे खरा प्रश्न असतो जागेचा. १४ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४० हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमतो. भिंतीजवळ तो फुगतो आणि बरोबर मधे जवळपास नाहीसा होतो. म्हणून एकाच खोलीत एकाला छातीत धडधड जाणवते आणि तीन फुटांवरच्या दुसऱ्याला काहीच नाही.

यावर एक जुना, खात्रीचा उपाय आहे. सबवूफर थेट सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी ठेवा. चढता-उतरता खर्ज असलेलं एखादं गाणं लावा. मग गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरा आणि जिथे जिथे सबवूफर ठेवणं शक्य आहे तिथे कान जमिनीच्या जवळ नेऊन ऐका. एखाद्या कोपऱ्यात एकच सूर ढमढम घुमेल, दुसरीकडे खर्ज पोकळ वाटेल आणि एखाद्या जागी प्रत्येक सूर वेगळा, सारख्या वजनाचा ऐकू येईल. तीच सबवूफरची जागा. बहुतेक जण आधीच जागा ठरवून टाकतात आणि मग आवाजाला दोष देतात.

चौथा टप्पा: सराउंड

आता मागचे दोन. तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार, समोर नाकाच्या रेषेपासून मोजलं तर ते दोन्हीकडे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या किंचित मागे हवेत. सोफा भिंतीला लागलेला असेल तर मागे जागाच उरत नाही. अशा वेळी सोफ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर ते लावा. कानापेक्षा उंच असल्याने कडेला बसलेल्याच्या डोक्यात एकाच स्पीकरचा आवाज शिरत नाही.

एका बाजूला भिंत आणि दुसरीकडे पॅसेज, ही आपल्या हॉलची नेहमीची अडचण. तिथे पॅसेजच्या बाजूला स्टँड वापरा किंवा दोन्ही स्पीकर मागच्याच भिंतीवर सोफ्याच्या टोकांपलीकडे लावून आत वळवा. एक चार फुटांवर आणि दुसरा सात फुटांवर आला तरी घाबरू नका. आवाजाला एक फूट जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. अंतरं अचूक भरली की रिसीव्हर जवळच्या स्पीकरचा आवाज तीन मिलिसेकंद रोखून धरतो आणि दोन्ही एकदम कानावर येतात.

अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहत असाल तर भिंतीला भोकं पाडण्याआधी घरमालकाला विचारा. स्टँडवरची सिस्टिम घर बदलताना सोबत सहज नेता येते.

वायर आणि जोडणी

पंधरा-वीस फुटांपर्यंत १६ गेजची वायर पुरते. त्यापुढे १४ गेज घ्या. वायर शुद्ध तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. एक तंतू पात्याने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ती परत करा. वायर जमिनीवरून न नेता स्कर्टिंगलगत केसिंग पट्टीतून न्या.

लाल टोक लालला आणि काळं काळ्याला, हे प्रत्येक स्पीकरवर सांभाळा. एखादा उलटा जोडला गेला तर आवाज पातळ होतो आणि संवाद कुठून येतात तेच कळेनासं होतं. शंका आली तर वायरचं रिसीव्हरकडचं टोक सोडवा आणि दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. धन टोक लाल वायरला लागलं असताना वूफरचा पडदा बाहेर उसळला तर जोडणी बरोबर आहे.

टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या सॉकेटनेच जोडा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वरून 'पास-थ्रू', 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो'वर न्या. ही एक गोष्ट राहून गेल्याने अनेक घरांत पाच स्पीकर असूनही स्टिरिओच वाजत राहतो. रिसीव्हरच्या पडद्यावर 'डॉल्बी' ही अक्षरं उमटली का, ते एकदा बघा.

जुळणी

बहुतेक रिसीव्हरसोबत छोटा माइक येतो. डेनॉन आणि मारांट्झच्या अनेक मॉडेलमध्ये ऑडिसी, तर यामाहात वायपीएओ ही स्वयंचलित जुळणी असते. माइक हातात धरू नका. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीला ठेवा. पंखे आणि एसी बंद, खिडक्या लावलेल्या, रस्ता शांत असलेली वेळ. उपनगरात ती पहाटेच मिळते, पण पहाटे चाचणीचे सूर वाजवून शेजाऱ्यांना उठवू नका. दुपारची सामसूम बरी. जुळणी झाल्यावर अंतरं आणि 'स्मॉल-लार्ज' हे आकडे स्वतः तपासा. फर्निचर हललं की जुळणी पुन्हा करा.

हॉलचा घुमारा

गुळगुळीत टाइल्स, काचेच्या सरकत्या खिडक्या, उघड्या भिंती. टाळी वाजवली की अशा हॉलमध्ये एक बारीक झणझणाट ऐकू येतो. तो संवादांवर पसरतो. उपाय घरचेच आहेत. सोफ्यासमोर जाड गालिचा किंवा सतरंजी, खिडकीला चुण्या असलेले जड पडदे आणि एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. अंड्याच्या ट्रेसारखा फोम लावला की शेजारी आवाज जाणार नाही, हा समज चुकीचा आहे. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवायला वजनदार भिंतच लागते.

शेजारी आणि कायदा

खर्ज स्लॅबमधून प्रवास करतो, म्हणून सबवूफरचा सर्वाधिक त्रास खालच्या मजल्याला होतो. त्याखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड ठेवा आणि जमलं तर एकदा खालच्या घरी जाऊन स्वतः ऐका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी सिस्टिमचा आवाज आपल्या हद्दीच्या कडेला या मर्यादेच्या ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. रात्री रिसीव्हरचा 'नाइट मोड' लावा. त्याने धमाके दबतात आणि कुजबुज वर येते. रोजच्या सहवासातल्या माणसांची झोप कुठल्याही चित्रपटापेक्षा मोलाची आहे.

पावसाळा आणि उष्मा

आपल्या दमट हवेत स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची किनार काही वर्षांत भुगा होते. रबराची टिकते. घेताना बोटाने हलके दाबून बघा. उघड्या तांब्याची टोकं हिरवी-काळी पडतात, म्हणून बनाना प्लग लावा आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळी टोकं पुसून घ्या. सिस्टिम महिनोन्महिने बंद ठेवू नका. चालू राहिली तर आतली ओल सुकते. रिसीव्हर चांगलाच तापतो. त्याच्या वर निदान पाच-सहा इंच मोकळे ठेवा, बंद कपाटात कोंडू नका आणि त्याला अर्थिंग असलेलाच प्लग द्या.

खरेदी करताना

ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाता येईल असा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आजही मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार आहे. वायर, प्लग, ब्रॅकेट यांना तिथे तोड नाही. रिसीव्हर घेताना जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी मागून घ्या, आणि मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट लिहिलंय ना, ते वाचा. परदेशातून आलेलं १२० व्होल्टचं मॉडेल आपल्या प्लगला थेट जोडलं तर जळतं. वापरलेले स्पीकर घ्यायला हरकत नाही. वापरलेला रिसीव्हर मात्र प्रत्येक चॅनेल आणि प्रत्येक एचडीएमआय सॉकेट चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. ऐकायला जाताना पाठ असलेली दोन गाणी आणि संवादांचा एक प्रसंग सोबत न्या, आणि दोन स्पीकर ताडून बघताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो.

साउंडबार की ही सिस्टिम?

जागाच नसेल, वायर नको असतील, तर टीव्हीपेक्षा साउंडबार नक्कीच बरा. पण त्यातला एक भाग बिघडला किंवा अपुरा वाटू लागला, की बहुधा संपूर्ण संचच बदलावा लागतो. सुट्या भागांच्या सिस्टिममध्ये एकेक वस्तू बदलता येते. छतातून आवाज देणारं ॲटमॉस हे त्यापुढचं पाऊल. घरात खाली स्लॅब आणि वर स्लॅब असताना त्याची घाई करू नये. आधी ५.१ मनासारखं वाजू द्या.

शेवटी सल्ला एवढाच. पाच स्वस्त स्पीकरपेक्षा दोन चांगले स्पीकर केव्हाही सरस, आणि महागड्या स्पीकरपेक्षा योग्य जागी ठेवलेला साधा स्पीकर सरस. या महिन्यात फक्त हॉल मोजा आणि नकाशा काढा. पहिली खरेदी त्यानंतर करा.